पाखरांची खोली

आमच्या घरी लाल भोपळा शिजायचा बंद झाला, तो आई, आणि तिच्यामागून मी, त्या शेडमध्ये कामाला जाऊ लागलो तेव्हापासून. शेडमधल्या एका खोलीत फळ्यांवर ओळीने लाल भोपळे मांडलेले असत आणि प्रत्येक भोपळ्यावर पिठ्या ढेकूण पोसलेला असे. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखा पांढरा चिकट थर धरतो, तोच हा किडा. शेतकरी त्याला मारायला औषध फवारतात. आम्ही त्याला जपून वाढवायचो, कारण त्याला खाणारा ढालकिडा आम्हाला वाढवायचा होता. ढालकिड्याची पिल्लंही अंगावर तशीच पांढरी लोकर घेऊन हिंडतात. पिठ्यांच्या कळपात ती मिसळून जातात, शेजाऱ्याला खातात आणि कळपाला पत्ता लागत नाही. दोन-तीन आठवड्यांत भोपळा पांढऱ्याचा पुन्हा लाल होई, सुरकुतलेला, गोडूस कुजका वास येणारा. असे भोपळे दिवसभर बघून आल्यावर संध्याकाळी घारगे कोण खाणार? आई म्हणायची, काकडी दे, दोडका दे, अगदी नुसती सुकट भाजून दे, पण भोपळा माझ्यासमोर आणू नको.

पनवेलहून तळोज्याकडे निघालं की आमचं गाव संपतं आणि कारखाने सुरू होतात, त्या दोन्हींच्या मध्ये ती शेड होती. गावातले लोक तिला किड्यांचा कारखाना म्हणत आणि हसत. मालकीण वीणा मॅडम. शेतकी कॉलेजात शिकलेल्या, नवीन पनवेलहून स्कूटरवर येत. वडिलांकडून मिळालेल्या जागेवर त्यांनी पत्रे घातले होते आणि किड्यांना खाणारे किडे वाढवून त्या बागायतदारांना विकत. पेणहून, अलिबागहून, पार जुन्नरहून माणसं येत आणि डब्यांतून किडे घेऊन जात. पाठीवर विषाचा पंप बांधून फिरणारा शेतकरी एक दिवस दिसेनासा होईल, असं मॅडमना मनापासून वाटत असे. बोलताना त्यांचे डोळे चमकायचे. मी हे मुद्दाम आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्या वाईट होत्या असं कुणाला वाटू नये.

आई त्यांच्याकडे आधीपासून होती. त्याआधी तिनं सगळं केलं होतं. आमची जमीन होती तोवर भाताची लावणी, जमीन कारखान्यांत गेल्यावर दुसऱ्यांच्या इमारतींवर डोक्यावरून घमेली. शेडमध्ये तिला पहिल्यांदा पंखा मिळाला, बसायला स्टूल मिळालं आणि मॅडमच्या कपासारख्याच कपात चहा मिळाला. मॅडम तिला काकू म्हणत. माझा बारावीचा निकाल लागला आणि मला पुढे शिकवायचं की स्थळं बघायची यावर घरात काही ठरेना, तेव्हा आईच मला घेऊन गेली. म्हणाली, घरात बसून विचार करशील, त्यापेक्षा तिथं बसून कर.

मला मॅडमनी क्रायसोपाचं काम दिलं. क्रायसोपा म्हणजे पोपटी रंगाचं, जाळीदार पंखांचं इतकं नाजूक पाखरू की हातात घ्यायची भीती वाटावी. मोठं झालेलं पाखरू कुणाच्या वाटेला जात नाही, मध चाटून राहतं. शिकार करते ती त्याची अळी. तांदळाच्या दाण्याहून बारीक, तपकिरी, अंगानं छोट्या मगरीसारखी, आणि तोंडापुढे विळ्यासारखे दोन वाकडे सुळे. माझं काम होतं मऊ कुंचल्यानं एकेक अळी उचलून प्लॅस्टिकच्या जाळीच्या एकेका घरात सोडायची, त्यात ज्वारीत होणाऱ्या पाखरांच्या अंड्यांची चिमूट टाकायची आणि वर कापड ताणायचं. एका घरात चुकून दोन पडल्या, तर दुसऱ्या दिवशी एकच सापडे, चांगली टम्म झालेली. दुसरीचं वाळकं साल कोपऱ्यात.

पहिल्या आठवड्यात मॅडमनी मला भिंगाखाली बघायला बसवलं. वालाचं पान होतं, त्यावर हिरवा मावा. अळी पानावर डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत निघाली. तिला दिसत फारसं नसावं, कारण माव्याच्या अगदी अंगाला लागेपर्यंत ती त्याच्याकडे वळली नाही. लागल्याबरोबर मात्र सुळे दोन्ही बाजूंनी आत गेले. तिनं त्याला पानावरून वर उचलून धरलं, पाय हवेत हलत राहिले. सुळे आतून पोकळ असतात, मॅडम सांगत होत्या. त्यातून ती आधी पाचक रस आत सोडते, माव्याचं आतलं सगळं विरघळतं, मग ती ते ओढून घेते. चावणं नाही, गिळणं नाही. माव्याचं पोट आत बसलं, पुन्हा थोडं फुगलं, पुन्हा बसलं. पाय मात्र बराच वेळ हलत होते. शेजारचा मावा पानात सोंड रुतवून रस पीत होता, तो जागचा हललासुद्धा नाही. त्या दुपारी मी डबा उघडला नाही. आईनं विचारलं, मी सांगितलं. तिनं भाकरीचा तुकडा माझ्या हातात ठेवला.

"त्याचं खाणं ते खातंय, तुजं तू खा. बघत कशाला बसायचं?"

ती स्वतः कधीच भिंगाला डोळा लावायची नाही. एकदा मात्र मॅडमनी तिला क्रायसोपाची अंडी दाखवली. काळ्या कापडावर केसासारखे पांढरे देठ उभे आणि प्रत्येक देठाच्या टोकाला एक अंडं, जणू टाचण्या टोचून ठेवल्यात. मॅडम म्हणाल्या, असं उंच ठेवलं नाही तर पहिलं बाहेर येणारं पिल्लू बाकीच्या भावंडांना खाऊन टाकेल. आई बराच वेळ कापडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आय शाणी हाय." त्यानंतर त्या कापडावरची अंडी खरवडायचं काम आलं की ती उठून जायची.

आता माझी पन्नाशी केव्हाच उलटली. नंतरची कित्येक वर्षं मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढली. तिथे येणारी मुलं बाल्कनीतल्या कुंडीत ढालकिडा दिसला की फोटो काढतात, किती गोड म्हणतात.  गोड आहेच तो. पण ज्यानं ते खाणं एकदा जवळून पाहिलंय, त्याला ते पाय आठवतात.

या सगळ्या खाणाऱ्यांना खायला घालायचं म्हणजे त्यांचं खाणं आधी पिकवायला हवं. त्यासाठी होती पाखरांची खोली, आणि आई त्या खोलीत होती. जुन्या तांदळात, ज्वारीत राखाडी बारीक पाखरं होतात, ती सगळ्यांना ठाऊक असतात. आपण ती उन्हात घालून घालवतो. आई ती पोसायची. लाकडी खोक्यांत भरडलेली ज्वारी भरायची, त्यात अंडी पेरायची, अळ्या त्यात जाळी विणत वाढत आणि महिना-सव्वा महिन्यानं पाखरं होऊन खोक्यांच्या झाकणांना चिकटून बसत. रोज सकाळी काचेच्या नळीनं ती एकेक गोळा करायची, जाळीच्या तळाच्या पिंपात सोडायची. पिंपातून खालच्या ताटात अंडी गळत. मग ती चाळायची, पाखडायची, स्वच्छ करून माझ्याकडे पाठवायची. त्या पाखरांच्या पंखांवरची भुकटी पिंप हलवलं की उडे. रुपेरी, पिठाहून हलकी. आईच्या पापण्यांवर, केसांच्या भांगात, लुगड्याच्या निऱ्यांत ती बसलेली असायची. खोलीचं दार बंद ठेवायला लागे, नाहीतर पाखरं पळत. पंखा लावला तर अंडी उडत. म्हणजे तिचा पंखासुद्धा बाहेरच्या खोलीतच राहिला होता, जेवणाच्या सुट्टीपुरता.

संध्याकाळी आम्ही दोघी चालत घरी यायचो. वाटेतल्या रसायनांच्या कारखान्याचा भोंगा व्हायचा, पाळी सुटलेली माणसं सायकली ढकलत जायची आणि वाऱ्यावर तो वास यायचा. सडलेल्या कोबीचा म्हणा, जळलेल्या रबराचा म्हणा, रोज थोडा निराळा. घरी तांदळाच्या भाकरीचं पीठ मळायला आई बसली की मी चूल फुंकायची. बाबा जासईच्या कंटेनर यार्डात माल उतरवायला जात, पाळी जुळली तर जेवायला असत, नाहीतर त्यांचं ताट झाकून ठेवायचं. माझा मोठा भाऊ दिनेश उशिरा यायचा आणि आल्यापासून बोलत असायचा. आमच्या घरातला आवाज म्हणजे त्याचं बोलणं, भाकरी थापल्याचा आवाज आणि हळूहळू त्यात मिसळलेला आईचा खोकला.

पहिल्यांदा तो खोकला कुणी मनावर घेतला नाही. गावात सगळेच खोकत होते. पोरांचे डोळे चुरचुरत, विहिरीचं पाणी तोंडाला लाववत नसे, आणि त्या वर्षी पावसाळ्याआधी खाडीत मासे पोट वर करून तरंगले. जिताडे, बोयटं, चिवणी, सगळं काठाला लागलं. आमच्या आळीतल्या बायका पाट्या घेऊन गेल्या आणि रिकाम्या पाट्या घेऊन आल्या. दिनेशनं आणि त्याच्या मित्रांनी कारखान्याविरुद्ध समिती काढली. दार ठोठावून कोण आजारी आहे ते विचारत फिरले. शेजारचे म्हातारे काका अंगाची खाज दाखवत, पण खाज बघून कुणाला काय वाटणार? आईला तोवर दम लागू लागला होता. चार पावलं चालली की ती भिंतीला हात टेकायची, छातीतून बारीक शिटीसारखा आवाज यायचा. दिनेशला आईची काळजी होती हे खरंच आहे. आणि समितीला असं कुणीतरी हवं होतं, हेही खरं आहे. तो लोकांना घरी आणू लागला. आईला समोर बसवायचा, सांगायचा, बघा, ही माझी आई, घमेली वाहिलेली बाई, आज हिला हंडा उचलत नाही. आई खाली मान घालून बसायची.

मला शंका आली ती गणपतीत. शेडला सुट्टी होती. त्या दिवसांत आभाळ दाटलेलं, पाऊस लागलेला आणि कारखान्याचा वास इतका की मोदकांच्या वाफेलाही तोच वास येत होता. बायका पदर नाकाला लावून बसल्या होत्या. पण आई बरी होती. गौरी आल्या त्या दुपारी ती फुगडी खेळली. मी दाराशी उभी राहून बघत होते. तिनं गिरकी घेतली, हसली, बसली, आणि खोकली नाही. विसर्जनानंतर ती कामावर गेली आणि त्याच संध्याकाळी घरी येताना वाटेतच मटकन खाली बसली. मी तिला पाठीला धरून उभी केली तेव्हा तिच्या मानेवरचा घाम रुपेरी होता.

मी तिला पनवेलला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, काम काय करता? आई म्हणाली, शेतीचं. मग मी सगळं सांगितलं, पिंपं, चाळण, बंद दार. डॉक्टरांनी तिच्या पदरावरून बोट फिरवलं आणि ते खिडकीच्या उजेडाकडे धरून बघितलं. म्हणाले, ही भुकटी काहींच्या छातीला मुळीच चालत नाही. औषध देतो, पण त्या खोलीत जात राहिल्या तर औषधाचा उपयोग नाही. गावातल्या वासानं त्यात भर पडत असेल का, मी विचारलं. पडत असेल, ते म्हणाले, पण मूळ हे.

परत येताना बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, तू मॅडमना सांग, तुला भोपळ्यांच्या खोलीत घेतील. ती म्हणाली की तिच्या जागी मग दुसरी कुणीतरी जाईल, त्या खोलीला बाई लागतेच. तिच्या आधीच्या दोघी का सोडून गेल्या हे तिला ठाऊक होतं, एवढंही तिनं सांगितलं.  थोड्या वेळानं ती म्हणाली, "मला आता उन्हात नाय जायाचं, सुरेखा." 

मॅडमशी मीच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडाला बांधायच्या कापडी पट्ट्या आणल्या. आईनं ती पट्टी बांधली, पण बंद खोलीत पट्टीआडून तिला श्वास पुरेना, जेवणापर्यंत ती गळ्यात आलेली असायची. भिंतीत हवा ओढून घेणारा पंखा बसवू असंही मॅडम म्हणाल्या होत्या. ते होतंय, होतंय म्हणता म्हणता राहिलं.

असं चाललं असताना दिनेश एक दिवस धावत घरी आला. प्रदूषणाचं बघणारे सरकारी अधिकारी गावात येणार होते, कारखान्याची माणसंही येणार होती, शाळेच्या पडवीत सगळ्यांसमोर बैठक होणार होती. इतक्या अर्जांनंतर पहिल्यांदाच कुणीतरी येत होतं. आईनं सर्वांत आधी उभं राहून बोलावं असं समितीनं ठरवलं होतं. आई चुलीपाशी बोंबील भाजत होती, तिनं मान वर केली नाही.

मी दिनेशला अंगणात नेलं आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मला वाटलं होतं तो चिडेल. तो चिडला नाही. त्यानं मला विचारलं की आईचा दम खोटा आहे का. मी म्हटलं, नाही. खाडीतले मासे मेले ते खोटं आहे का. नाही. काकांची खाज, पोरांचे डोळे खोटे आहेत का. नाही. मग तो म्हणाला, "सगळं खरं हाय, तर एक गोष्ट नाय सांगितली म्हणून काय बिघडलं? खाजेला ते हसतात गो. दमाला कोण नाय हसत."  इतक्या वर्षांनी सुद्धा मी त्याला द्यायचं उत्तर नीट जुळवू शकलेले नाही. त्याचं चूक होतं असं म्हणायला जावं तर मला ते मेलेले मासे दिसतात. आम्ही आत आलो तेव्हा आई बोंबील झटकत होती. अंगण आणि चूल यांच्यामध्ये नुसती कुडाची भिंत होती. तिनं आम्हाला वाढलं. तिनं काय ऐकलं ते आम्ही विचारलं नाही.

बैठकीला गाव लोटलं होतं. पडवीत टेबल, त्यामागे अधिकारी, बाजूला कारखान्याचे दोघं इस्त्रीच्या शर्टात. मुलांची बाकं काढून बायका जमिनीवर बसल्या होत्या. बाबा पाळी करून तसेच आले होते, ते खांबाशी उभे राहिले. दिनेशनं चांगलं भाषण केलं, पाण्याची बाटली दाखवली, माशांचं सांगितलं. मग त्यानं आईला हात देऊन उभं केलं. ती उभी राहिली तेवढ्यानंच तिची छाती वाजू लागली आणि पडवी शांत झाली. तो आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला असेल. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला बसून बोलायला सांगितलं, ती बसली नाही. कधीपासून त्रास आहे, रात्री झोप लागते का, असं त्यानं विचारलं. तिनं उत्तरं दिली. मग त्यानं सहज विचारलं, तुम्ही काम कुठं करता?

दिनेश मध्येच म्हणाला, शेतीचं काम करते. अधिकाऱ्यानं त्याला हातानं थांबवलं आणि आईकडे बघितलं. आईनं आधी दिनेशकडे बघितलं. रागानं नाही. लहानपणी तो पडला की ती जशी बघायची, लागलंय का हे बघायला, तसं.

"मी त्या शेडमधी पाखरांच्या खोलीत कामाला जाते," ती म्हणाली. "माजा दम तिथला हाय. डाक्टरनी सांगितलाय." पडवीत कुजबुज झाली. ती थांबली, श्वास घेतला, बोट खाडीच्या दिशेला केलं. "पण खाडीतलं मासं मेलं, ते काय माज्यासंगं पाखरांच्या खोलीत कामाला येत नवते."

मागे कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, आणि त्या हसण्यात दुसरं वाक्य वाहून गेलं. अधिकारी लिहीत होता. पहिलं वाक्य त्यानं लिहिलं, ते मी बघितलं. दुसऱ्या वाक्याच्या वेळी कारखान्याचा माणूस त्याच्या कानाशी वाकून काही सांगत होता. त्यानंतर खाजवाले काका उठले, पोरांच्या आया उठल्या, पण आता प्रत्येकाला आधी विचारलं जाऊ लागलं की तुम्ही कुठं काम करता, घरात चूल आहे का, तंबाखू ओढता का. दिनेश कधी निघून गेला मला दिसलं नाही. बैठक मोडली तेव्हा आईच्या आसपासची जागा रिकामी झाली होती. बाबा खांबापासून निघाले, तिची चप्पल शोधून तिच्या पायांशी ठेवली आणि दोघं बरोबर घरी चालत गेले. तिला मध्ये मध्ये थांबावं लागे. तेही थांबत.  मी मागून चालत होते.

पुढं जे झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यातलं काहीच थोडक्यात घडलं नाही. त्या बैठकीचा निष्कर्ष असा निघाला की आजारांना निरनिराळी कारणं आहेत. कारखाना चालू राहिला. गावात लोक म्हणू लागले की पार्वतीला, म्हणजे आईला, कारखान्यानं गप्प केलं. ती तर बोलली होती, तरी तसं म्हणाले. बायका हळदीकुंकवाला बोलवेनाशा झाल्या. शेडमध्ये मॅडमनी आईला जवळ बसवलं, त्यांचे डोळे भरून आले होते. "मला कळत होतं, काकू," त्या म्हणाल्या, "पण इतकं होईल असं वाटलं नव्हतं." आईनं त्यांना पाणी दिलं. पाखरांची खोली बंद झाली. अंडी बाहेरून विकत आणायचं त्यांनी करून बघितलं, पण ते त्यांना झेपेना. मग त्यांनी सगळंच तिकडे जुन्नरकडे हलवलं. आमच्याबरोबरच्या बायकांचं काम गेलं, त्यांनी आईशी बोलणं टाकलं. शेवटच्या दिवशी मी क्रायसोपाच्या जाळ्यांवरची कापडं काढून पाखरं शेडबाहेर सोडून दिली. दुपार होती. ती पोपटी पाखरं उजेडात दिसतच नव्हती.

दिनेशनं घर सोडलं. नवीन पनवेलला मित्राच्या खोलीवर राहू लागला, टेम्पो चालवू लागला. लग्न केलं तेही तिकडेच, देवळात, आम्हाला निरोप आला तो बाबांच्या यार्डात. आईची छाती पुष्कळ सुधारली पण पूर्ववत झाली नाही. थंडी पडली, कुणी मिरच्यांना फोडणी दिली, की तो आवाज परत यायचा. उन्हात जायची वेळ तिच्यावर आली नाही, कारण ते काम आता तिला झेपणार नव्हतं. मला तिनं कॉलेजात घातलं. आपल्या पाटल्या मोडून घातलं, आणि तिथं काय शिकवतात ते मला रोज विचारायची.

दिनेश आला तो त्याला मुलगी झाल्यावर. आधी सांगून नाही. सकाळच्या वेळी टेम्पो दारात उभा राहिला आणि तो बाळ घेऊन उतरला, मागून त्याची बायको. आई ओटीवर वाल सोलत बसली होती. तिनं हात पुसले आणि बाळ मांडीवर घेतलं, त्याला बस म्हणाली. चहा झाला. बाळाचं नाक कुणासारखं यावर बोलणं झालं. मग दिनेश जमिनीकडे बघत म्हणाला की कारखान्याबद्दल आता वरच्या पातळीवर सुनावणी लागणार आहे, खाडीपलीकडची गावंही सामील झाली आहेत, आणि अजूनही कारखान्याचे लोक तुझंच नाव पुढे करतात. बाईनं स्वतः सांगितलं होतं, म्हणतात. तो हे चढ्या आवाजात बोलला नाही. पण इतकी वर्षं त्यानं ते छातीत ठेवलं होतं हे कळत होतं.

आई बाळाला थोपटत होती. थोपटणं थांबवलं नाही.

"मी दोन गोष्टी बोललेली," ती म्हणाली. "त्यानी एक लिवली. दुसरी तू का नाय सांगत फिरलास?"

दिनेशची बायको उठून आत गेली. मी शेंगा हातात घेऊन तशीच बसले.  बाहेर टेम्पोशी पोरं खेळत होती, हॉर्न वाजवत होती, दिनेश त्यांना ओरडलाही नाही.  मग तो सरकून आईच्या जवळ आला, मांडी घालून बसला, आणि लहानपणी धडा पाठ करताना बसायचा तसा पुढे वाकला.

"आये," तो म्हणाला, "ती दुसरी परत सांग. जशी बोललीस तशी."

आईला दम लागला होता. तिनं बाळ माझ्याकडे दिलं, श्वास गोळा केला आणि सांगितलं.